बाबांच्या माळ्यावरचे जबडे : एका तालुक्याच्या दंतवैद्याविषयी

निरातीर (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. एका घरगुती प्रश्नावर सल्ला हवा आहे, परंतु माणूस सांगितल्याशिवाय तो प्रश्न समजणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

माझे बाबा सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी जवळजवळ चाळीस वर्षे दातांचा दवाखाना चालवत होते. मागच्या थंडीत ते गेले. घराची डागडुजी काढली म्हणून माळा रिकामा करायला घेतला, तेव्हा सुपारीच्या आणि साबणाच्या जुन्या खोक्यांत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले प्लास्टरचे साडेतीनशेहून अधिक जबडे निघाले. कवळी करण्यासाठी माप घेतले की त्यात प्लास्टर ओतून जबड्याची प्रतिकृती करतात, ते हे साचे. प्रत्येकाच्या तळाशी, प्लास्टर ओले असतानाच सुरीच्या टोकाने नाव आणि गाव कोरलेले आहे. गवंडी म्हणाले, भरावात टाकून देऊ. मी त्यांना थांबवले आणि त्या दिवसापासून ती खोकी ओसरीवर आहेत.

बाबा मुंबईला, महानगरपालिकेच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात शिकले. हे महाविद्यालय 1933 सालचे. बाबा सत्तरच्या दशकात उत्तीर्ण झाले, तेव्हा बरोबरीच्या बहुतेकांनी दादर-गिरगावातच जागा पाहिल्या. बाबा गावी परतले त्याचे कारण माझी आजी. मिश्रीच्या सवयीने आणि हिरड्यांच्या दुखण्याने चाळिशीच्या आतच तिचे सारे दात हलून पडले होते आणि पुढे आयुष्यभर ती भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खात असे. बाबांनी केलेली पहिली कवळी तिची. तिने ती घालून शेंगदाणे खाल्ले, ही गोष्ट आमच्या घरात आजही सांगितली जाते.

त्या काळी गावात दात दुखला की दोन वाटा होत्या. आठवडी बाजारात पोत्यावर बसून पकडीने दात उपटणारा एक माणूस असे, आणि रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवणाऱ्या बायका असत. धुरीने घटकाभर बरे वाटे आणि कीड मात्र दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचे. बाबांनी या लोकांना कधी दूषणे दिली नाहीत. त्यांचे म्हणणे असे की जिथे डॉक्टर नाही तिथे माणूस दुखण्यावर काहीतरी करणारच, तेव्हा त्याला नावे ठेवण्यापेक्षा आपण बाजाराच्या दिवशी दवाखाना उशिरापर्यंत उघडा ठेवावा. त्यांनी अखेरपर्यंत तसेच केले.

सर्वांत मोठा अडसर होता तो एका समजुतीचा. वरची दाढ काढली की डोळे जातात, असे आमच्याकडे सर्रास मानले जाई. वरच्या दाढांची मुळे आणि डोळा यांच्यामध्ये हाडाची पोकळी असते, दृष्टीची नस निराळ्याच वाटेने मेंदूकडे जाते, हे सांगून कोणाला पटत नसे. म्हणून बाबांनी खुर्चीसमोरच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांची दिनदर्शिका लावली होती. दाढ काढण्याआधी ते रुग्णाला तारीख आणि तिथी वाचायला लावत आणि दाढ काढल्यावर, तोंडात कापसाचा बोळा असतानाच, तीच तारीख बोटाने दाखवायला सांगत. वाचता न येणाऱ्या बायकांना ते चित्रातला देव ओळखायला सांगत. एकदा एका आजींनी दाढ काढल्यावर पांडुरंगाच्या चित्राकडे पाहून तिथेच खुर्चीतून हात जोडले, ते मी दाराआडून पाहिले आहे.

सुरुवातीची कोरणी पायाने चालवायची होती. शिलाई यंत्राप्रमाणे पायटा मारत राहायचे आणि हाताने दात कोरायचा. पाय मंदावला की टोक दातात अडके आणि रुग्ण कळवळे. वीज आल्यावरही भारनियमनामुळे ते यंत्र कितीतरी वर्षे कोपऱ्यात तयार ठेवलेले असे. हत्यारे आधी उकळत्या पाण्यात टाकत. पुढे एड्सची माहिती पसरू लागली, तेव्हा नुसते उकळणे पुरेसे नाही हे बाबांनी वाचले आणि आईने दवाखान्यासाठी वेगळा प्रेशर कुकर घेतला, कारण दाबाखालची वाफ 121 अंशांपर्यंत तापते आणि उकळत्या पाण्यात तग धरणारे जंतूही तिच्यात मरतात. आमच्या घरात दोन कुकर होते. दवाखान्यातला कुकर कधी स्वयंपाकघरात आला नाही आणि स्वयंपाकघरातला कधी दवाखान्यात गेला नाही. शिट्टी कोणत्या कुकरची, हे आम्हा भावंडांना झोपेतही ओळखू येत असे.

दिवाळीतला एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे बाबा अंगाला तेल लावून पाटावर बसले होते, तेवढ्यात बैलगाडीतून एका तरुण शेतकऱ्याला आणले. खालच्या दाढेचे गळू उतरून हनुवटीखाली सूज आली होती, जीभ वर उचलली गेली होती आणि त्याला धड गिळता येत नव्हते. अशी सूज गळ्याकडे सरकली की श्वास कोंडतो आणि काही तासांत माणूस जातो. बाबांनी तेलाच्या अंगावर सदरा चढवला, पू काढायला वाट करून दिली, इंजेक्शन दिले आणि त्याच्या शेजारी जीपमध्ये बसून साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयापर्यंत गेले. ते दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. आम्ही फटाके उडवले नव्हते. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि रुसले होते, हेही खरेच सांगते. आईने मला जवळ घेऊन एवढेच म्हटले, "त्याच्याही घरी पोरं आहेत."

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते. त्या रात्री दवाखाना बंद होत नसे. वारीत म्हातारी माणसे फार, त्यामुळे कोणाची कवळी पडून दुभंगलेली, कोणाची हिरडीवर घासून जखम झालेली. पालखी पहाटे निघणार, म्हणून दुरुस्ती त्याच रात्री व्हायला हवी. बाबा तुकडे जुळवत, आई चिकटवलेली कवळी खरकागदाने घासून गुळगुळीत करी आणि आम्ही दोघे भावंडे कवळी कोणाची ते चिठ्ठीवर लिहून पाण्याच्या वाटीखाली ठेवत असू. पैसे घेतले जात नसत. एका वर्षी एका वारकऱ्याने परतवारीत आमच्या दारी थांबून बुक्क्याची पुडी आणून दिली होती. ती देवघरात अजून आहे.

आता प्रश्न. या साच्यांचे काय करावे? ज्यांची नावे त्यांवर आहेत, त्यांतले बहुतेक आता हयात नसतील. टाकवत नाही आणि ठेवायचे तर कोणासाठी, हे कळत नाही.

पिंपळपान

निरातीर ताई, मी नागपूरला दंत महाविद्यालयात शिकवतो. अगोदर प्रश्नाचे उत्तर देतो. हे साचे टाकू नका. दात गेल्यावर त्यांना धरून ठेवणारे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते, आणि वरच्यापेक्षा खालचा जबडा कितीतरी अधिक झिजतो. म्हणूनच खालची कवळी बसत नाही, ही म्हाताऱ्या माणसांची नेहमीची तक्रार असते. एकाच माणसाचे दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने घेतलेले दोन साचे त्या खोक्यांत सापडले, तर विद्यार्थ्यांना ही झीज बोटांनी चाचपून पाहता येईल. पुस्तकातल्या आकृतीवरून ती तितकी उमगत नाही. मात्र महाविद्यालयाला देताना तळाची नावे घासून काढा, कारण रुग्णाची ओळख जपणे हे आपल्या पेशाचे बंधन आहे.

दुसरे म्हणजे, आपल्या बाबांसारख्यांचे काम ज्या परंपरेत बसते तिची आठवण करून द्यावीशी वाटते. भारतात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय 1920 साली कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी सुरू केले. अमेरिकेत आयोवा येथे शिकून आलेल्या या माणसाने ती संस्था पुढे सरकारच्या स्वाधीन केली, आणि 1964 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. दंतवैद्यांची रीतसर नोंदणी आणि शिक्षण यांसाठीचा कायदा 1948 सालचा आहे. आपले बाबा पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा कायद्याला तीस वर्षेही झाली नव्हती, म्हणून बाजारातला पकडवाला त्यांच्या शेजारीच बसत होता यात नवल नाही.

माणदेशी

ताई, आपण गावाचे नाव लिहिलेले नाही, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून मी दवाखाना ओळखला. मलाही तारीख वाचायला लावली होती. ती एकादशी होती.

त्याहून महत्त्वाचे सांगायचे आहे ते माझ्या धाकट्या भावाविषयी. कॉलेजात असताना त्याला गुटख्याची सवय लागली. तो माझ्यासोबत नुसता बसायला आला होता. डॉक्टरांनी त्याला तोंड उघडून स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी दातांमध्ये घालायला सांगितले. दोनच गेली. त्यांनी खुर्चीवर बसवून गालाच्या आत बोट फिरवले आणि आतली कातडी पांढरी पडून दोरीसारखी ताठ झाली आहे, ती सुपारीने होते आणि पुढे कर्करोगाकडे जाऊ शकते, हे भीती न दाखवता समजावून सांगितले. त्यांनी औषध लिहून दिले, तोंड उघडण्याचा व्यायाम दाखवला आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायला सांगितले. भाऊ गेला नाही, तर ते स्वतः आमच्या दुकानावर येऊन उभे राहत. त्यांनी त्याला कधी रागावले नाही. "बोटं घाल पाहू", एवढेच म्हणत. त्याची सवय सुटायला दोन वर्षे लागली. आज त्याचे तोंड अडीच बोटे उघडते. गेलेले पूर्ण परत आलेले नाही, परंतु पुढे वाढलेही नाही.

राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली तेव्हा मी पेढे घेऊन दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी पेढा घेतला आणि म्हणाले, टपरीवर अजून मिळतो आहे तोवर आपले काम संपलेले नाही.

रानवाट

लेख मनापासून आवडला, परंतु एक गोष्ट खटकली ती स्पष्ट लिहिते. माझे सासरेही डॉक्टर होते आणि मी त्या घरात तीस वर्षे काढली आहेत. आपल्या लेखात आई कुकर लावते, कवळ्या घासते, रुसलेल्या मुलीची समजूत काढते, पण ती स्वतः काय म्हणत होती ते कुठेच नाही. ज्याला आपण सेवा म्हणतो त्यातला अर्धा भार घरातली बाई उचलते, आणि पाटीवर नाव मात्र एकाचेच असते. आपल्या आईंना हे सारे हवे होते का?

निरातीर

रानवाट, आपण विचारलेत ते बरे केलेत. हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पहिली पाच वर्षं नको होतं." ती पुण्याहून बी.ए. होऊन आली होती आणि तिला शाळेत शिकवायचे होते. बाबांकडे कंपाउंडर ठेवण्याइतके पैसे नव्हते, म्हणून ती दवाखान्यात उभी राहिली, आणि पुढे पैसे आले तरी तिच्याइतके नीट काम करणारे कोणी मिळाले नाही. प्लास्टर कालवणे, मेणाची दातपट्टी पितळेच्या साच्यात बसवणे, गुलाबी पूड आणि द्रव मिसळून तो गोळा भरणे आणि साचा तासन् तास पाण्यात शिजवणे, हे सारे ती चुलीपाशी करत असे. त्या द्रवाच्या वासाने तिचे डोके दुखे. मी हे लेखात लिहायला हवे होते.

ती आणखी म्हणाली की जबड्यांच्या तळाची अक्षरे बाबांची नाहीत. ती तिची आहेत. मी आठवडाभर ती खोकी पाहत होते, आणि आपल्याच आईचे अक्षर मला ओळखू आले नव्हते.

शाळेत शिकवण्याची तिची इच्छा मात्र वेगळ्या वाटेने थोडीफार पुरी झाली. रविवारी बाबा वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत मुलांचे दात तपासायला जात, तेव्हा फळ्यापाशी आई उभी राहत असे. मातांना बोलावून ती सहा वर्षांच्या दाढेविषयी सांगायची. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, गुपचूप एक दाढ येते. आधी काही पडलेले नसते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी ते म्हणतात, पडून दुसरी येईल. ती पुन्हा येत नाही. आई प्रत्येक बाईला मुलाच्या तोंडात बोट घालून ती दाढ शोधायला लावत असे, आणि सापडल्याखेरीज सोडत नसे.

वर्धाकाठ

आमच्या यवतमाळ भागात याच कामाचे दुसरे रूप आहे. कित्येक गावांत विंधनविहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असू नये असे मानक आहे. दात घडत असताना, म्हणजे लहानपणीच, हे डाग आत बसतात, त्यामुळे घासून जात नाहीत. पण शाळेत त्या मुलांना घाणेरडी म्हणतात आणि मुली तोंडावर हात धरून हसतात. एका दंतवैद्य बाईंनी आमच्या गावच्या शिक्षकांना हे समजावून सांगितले, तेव्हापासून निदान वर्गातले बोलणे थांबले. दात त्यांना बदलता आले नाहीत, मात्र पाण्याच्या तपासणीसाठी ग्रामपंचायतीत त्या चार वेळा जाऊन बसल्या. दंतवैद्याचे काम खुर्चीपाशी संपत नाही, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

कोवळे ऊन

मी तीन वर्षांपूर्वी पदवी घेतलेली दंतवैद्य आहे आणि हा धागा वाचताना मला आनंद झाला तसा थोडा ताणही आला. खासगी महाविद्यालयाचे शुल्क, खुर्ची आणि क्ष-किरण यंत्राचे हप्ते, जागेचे भाडे हे सारे भरताना रात्रभर विनामूल्य कवळ्या दुरुस्त करणे मला परवडणारे नाही. ताईंच्या बाबांचा दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत होता आणि कंपाउंडर घरातलाच होता, हे विसरून आजच्या मुलांना त्यांच्याशी तोलू नये, एवढी विनंती आहे.

तरीही त्यातले जे जमेल ते मी उचलले आहे. महिन्यातून एकदा मी आश्रमशाळेत जाते. वीज आणि यंत्र न लागता, हातातल्या हत्यारांनी मऊ कीड खरवडून काढायची आणि खड्ड्यात ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचे, ही पद्धत 1980 च्या दशकात टांझानियात विकसित झाली आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती पुरस्कारली. भुलीची सुई बहुधा लागत नाही, म्हणून मुले घाबरत नाहीत. वर्गातल्या बाकावर मुलाला निजवून, डोक्याला विजेरी बांधून मी हे काम करते.

एक विचारते. आपल्या बाबांनी शाळांत मुलांना आणखी काय सांगितले होते?

निरातीर

कोवळे ऊन, आपले म्हणणे रास्त आहे. बाबांनाही ते ठाऊक होते. ते कोणाला गावी चला असे कधी म्हणाले नाहीत.

शाळेत ते एक गोष्ट हमखास सांगत. खेळताना कायमचा दात मुळासकट निखळून पडला, तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाने उचलायचा, माती लागली असेल तर पाण्याखाली क्षणभर धरायचा, घासायचा नाही, आणि शक्य तर तिथल्या तिथे खाचेत बसवून रुमाल चावून धरायचा. ते जमले नाही तर गार दुधात टाकून अर्ध्या तासाच्या आत दवाखाना गाठायचा. गावात दूध प्रत्येक घरी असते, हे त्यांच्या डोक्यात पक्के होते. बारा वर्षांची असताना मी विटीदांडू खेळताना पुढचा दात पाडून घेतला आणि मैत्रिणीच्या घरून तांब्यात दूध घेऊन धावत आले. तो दात आजही माझ्या तोंडात आहे.

पिंपळपान

ताई, पुनःस्थापित केलेला दात इतकी वर्षे टिकणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. साच्यांविषयी काही ठरले का?

निरातीर

हो, ठरवले ते आईने ठरवले.

गेले दहा दिवस ती रोज दुपारी ओसरीवर बसते. एकेक साचा हातात घेते, तळाचे नाव वाचते आणि मला सांगते : हा अमक्या वाडीचा, हिचा मुलगा दूध संघात होता, ही कवळी तीन वेळा बदलून दिली, या बाईने पैशांऐवजी घेवडा आणून दिला आणि तो आपण आठवडाभर खाल्ला. मी वहीत लिहून घेते. ज्यांच्या घरचे लोक गावात आहेत त्यांना विचारून साचा हवा असल्यास द्यायचा, असे तिने ठरवले आहे. आतापर्यंत अकरा घरांनी नेले. एक गृहस्थ त्यांच्या आईच्या आईचा साचा न्यायला पुण्याहून आले होते, कारण त्यांच्याकडे आजीचे छायाचित्र नाही. उरलेल्यांची नावे घासून ते नागपूरला पाठवू. पिंपळपान, पत्ता मला व्यक्तिगत निरोपात कळवा.

माझ्या आजीचा साचा सर्वांत तळाच्या खोक्यात मिळाला. त्याच्यावरचे अक्षर मात्र बाबांचे आहे, कारण आई तेव्हा या घरात आलेली नव्हती. तो तिने स्वतःच्या उशाशी ठेवला आहे. अजून चार खोकी उघडायची आहेत.